गुडघ्यातलं चरबीचं झाड

श्रोतेहो, गुडघा सुजला की आपण लेप लावतो, शेकतो आणि म्हणतो, "वात आहे, वयाचं आहे." पुष्कळदा ते खरंही असतं. पण एखादा गुडघा वर्षानुवर्षे फुगलेलाच राहतो. दुखणं बेताचं, पाणी काढलं की चार दिवस बरं, की पुन्हा भरला!

सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. क्वचित त्या अस्तरात चरबी साठते आणि त्याला झालरीसारखे कोंब फुटतात, बहुधा वाटीच्या वरच्या पोकळीत. याचं नाव 'लायपोमा आर्बोरेसेन्स'. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ झाडासारखं फांद्यावणारं. नाव ऐकून घाबरू नका, हा कर्करोग नव्हे बरं का!

साध्या एक्स-रेत हे नीट कळत नाही. एमआरआय तपासणीत मात्र हे कोंब कातडीखालच्या चरबीसारखेच उमटतात. तरी शंका उरली तर तुकडा काढून तपासतात. कारण क्षयानं आणि संधिवातानंही गुडघा असाच सुजतो, आणि त्यांचे इलाज अगदी निराळे.

याचा इलाज म्हणजे दुर्बिणीनं, लहान छेदांतून, बिघडलेलं अस्तर काढून टाकणं. सहसा ते पुन्हा वाढत नाही. मात्र तोवर सांधा झिजला असेल, तर ती झीज भरून येत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, गावात असा गुडघा घेऊन कुणी बसला असेल, तर त्याला हाडांच्या डॉक्टरांकडे धाडा. आणि पाणी कधी, किती वेळा काढलं, तेवढं एका कागदावर लिहून द्या.