घरच्या घरी वाफेचं इंजिन



बीड शहरात रेल्वे आली ती सप्टेंबर 2025 मध्ये. तोवर देशातली कोळशाची इंजिनं केव्हाच मोडीत निघाली होती. तरी वाफेवर जगणारा जिल्हा शोधायला आपल्याला लांब जायला नको. साखर कारखान्यात बगॅस जाळून वाफ करतात. ती आधी टर्बाइन फिरवते, मग रस आटवते. परळीच्या औष्णिक केंद्रातले 250 मेगावॅटचे संच फिरवते तीही वाफच. 2013 च्या फेब्रुवारीत ते केंद्र बंद पडलं ते दुष्काळात पाणी आटलं म्हणून.

ही वाफ नेमकं काय करते, हे हाताने समजून घ्यायचं असेल तर तळहातावर मावेल एवढं इंजिन घरी करता येतं. लेथवर हात बसलेला हवा, नाहीतर एखाद्या टर्नरशी दोस्ती हवी. पदवीचं काही अडत नाही. 1828 साली कोलकात्याजवळच्या टिटागढच्या गोलोकचंद्र या लोहाराने कागद गिरणीतलं विलायती इंजिन पाहून तसंच दुसरं घडवलं होतं आणि 50 रुपयांचं बक्षीस मिळवलं होतं.

सगळ्यात सोपं ते डुलत्या सिलिंडरचं इंजिन. पितळेच्या तुकड्यात दहा-बारा मिलिमीटरचं भोक, त्यात सरकणारा दट्ट्या, आणि दट्ट्याचा दांडा थेट क्रँकच्या पिनेला. क्रँक फिरतो तसा सिलिंडर डावी-उजवीकडे डुलतो. सिलिंडरच्या सपाट पाठीला एक भोक असतं. ज्या पट्टीवर ती पाठ टेकते, तिला दोन. डुलता डुलता सिलिंडरचं भोक एकदा वाफ येण्याच्या भोकासमोर येतं, एकदा वाफ सोडण्याच्या. वेगळा व्हॉल्व्ह लागतच नाही. वाफ दट्ट्याला एकाच बाजूने ढकलते, उरलेला अर्धा फेरा फ्लायव्हील काढून देतं.

सगळी कारागिरी त्या दोन सपाट पाठींमध्ये आहे. जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवा, तेलाचे थेंब टाका आणि घासत राहा. इथे कंटाळा केलात तर वाफ फटीतून पळेल आणि इंजिन जागचं हलणार नाही. पहिली चाचणी हवेवर घ्या. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर चालतो, पण हवा अगदी बेताने सोडा.

आता बॉयलर. माझ्या मते इंजिन हा खेळ आहे, बॉयलर नाही. तांब्याची जाड नळी घ्या आणि जोड चांदीच्या झाळीने करून घ्या, तेही जाणत्या माणसाकडून. रेडिओ दुरुस्तीवाल्याची शिसं-कथलाची झाळ 183 अंशांच्या आसपास वितळू लागते. पाणी आटलं आणि खाली जाळ चालूच राहिला, की जोड सुटलाच म्हणून समजा. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज यांवर पैसे वाचवू नका. कुकरला नळी लावून इंजिन चालवायची शक्कल काही जण लढवतात. ती लढवू नका.

वाफ करण्याआधी बॉयलर थंड पाण्याने काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, कामाच्या दुप्पट दाबाने तपासा. पाणी सहसा दबत नाही, त्यामुळे कच्चा जोड नुसता गळतो. तोच जोड वाफेने फुटला तर तुकडे उडतात. 25 लिटरपेक्षा लहान भांड्याला आपल्याकडचा बॉयलर कायदा लागू नाही, म्हणजे तपासायला निरीक्षक येणार नाही. तो तुम्हालाच व्हावं लागेल. मुलांना दाखवायचं तर जरूर दाखवा, पण जाळ चालू असेपर्यंत मोठ्या माणसाने तिथून हलायचं नाही.

आणि बोअरचं पाणी बॉयलरमध्ये घालू नका. त्याचा क्षार नळ्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये बसतो. पावसाचं पाणी गाळून बाटलीत भरून ठेवा. एका खेपेला कपभर पुरतं.