दिवेलागणीला ठेचकाळणारं लेकरू



किनवट-माहूरकडच्या गुड्या-तांड्यांवर आया सांगतात, "लेकरू दिवसा चांगलं खेळतं, दिवेलागणीला मात्र ठेचकाळतं." 'अ' जीवनसत्त्व कमी पडल्याने आलेला रातांधळेपणा औषधाने बरा होतो. पण एक रातांधळेपणा वंशातून येतो. त्यात डोळ्याचा पडदा झिजतो, नजर कडेकडून आकसत जाते. एका मुलीला आम्ही दोन वर्षे नुसते जीवनसत्त्वच देत राहिलो. ती चूक माझी.

हा आजार सहसा पूर्ण बरा होत नाही; पण पडद्याला सूज आली किंवा मोतीबिंदू झाला तर उपचार आहेत. म्हणून नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयात पडदा तपासून घ्या. भावंडांनाही न्या.

नात्यात लग्ने आपल्याकडे चालत आली आहेत. नवरा-बायको दोघांत एकच दोष लपलेला असेल, तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक मूल बाधित होण्याची शक्यता असते. मग एकट्या आईला बोल का? जन्मांधाला पाहून शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले. येशूने ना त्याला दोषी धरले, ना आईबापांना.

लेकराला शाळेतून काढू नका. पहिल्या बाकावर बसवा. नजर 40 टक्के किंवा त्याहून अधू असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढा. कागदपत्रांसाठी आम्ही सोबत येऊ.