नकाशामागचे साचे

2002 साली अलास्कातल्या गॅरी शेरमन या प्रोग्रामरला लिनक्सवर चालणारा एक साधा प्रोग्राम हवा होता. पोस्टजीआयएस या डेटाबेसमधले नकाशे पडद्यावर दिसले की काम भागणार होतं. त्यांनी तो स्वतःच लिहायला घेतला आणि त्यातून आजचं क्यूजीआयएस उभं राहिलं. पहिली आवृत्ती पोस्टजीआयएसशिवाय दुसरं काहीच वाचत नव्हती. आता शेपफाइल, उपग्रहाची छायाचित्रं, जीपीएसच्या नोंदी असं हवं ते क्यूजीआयएसपुढे ठेवता येतं.

हे जमलं, कारण नकाशा रंगवणाऱ्या कोडला माहिती कुठून येते याचा पत्ताच नसतो. तो ‘प्रोव्हायडर’कडे मागतो, प्रोव्हायडर आणून देतो. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 मध्ये सुरू केलेल्या जीडॅल या लायब्ररीतही प्रत्येक फॉरमॅटचा स्वतंत्र ड्रायव्हर असतो. तो त्या फॉरमॅटचा दुभाषाच. नवा फॉरमॅट आला की नवा ड्रायव्हर लिहायचा, बाकीच्या कोडला हात लावायचा नाही.

अशा पुन्हा पुन्हा उपयोगी पडणाऱ्या रचनांना डिझाइन पॅटर्न म्हणतात. कल्पना मुळात इमारतींची. वास्तुकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 च्या पुस्तकात घरं-गावं बांधण्याचे 253 पॅटर्न मांडले होते. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांनी 1994 मध्ये ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरसाठी 23 निवडले.

त्यांतला ‘कॉम्पोझिट’ तर जणू नकाशांसाठीच जन्माला आला. महाराष्ट्राची हद्द घ्या. मुख्य भूमीचा एक बहुभुज. पण घारापुरी, खांदेरी, मुरूडचा जंजिरा ही बेटं वेगळी, त्यांचे बहुभुज वेगळे. कॅनडात मार्टिन डेव्हिस यांनी जावामध्ये लिहिलेल्या जेटीएस या लायब्ररीत बिंदू, रेषा, बहुभुज आणि या सगळ्यांचा समूह, हे सारे ‘जिऑमेट्री’ या एकाच कुळातले. क्षेत्रफळ विचारलं की एकटा बहुभुज आपलं सांगतो, समूह आपल्या सदस्यांची बेरीज करून सांगतो. विचारणाऱ्याला बेटं किती ते मोजावं लागत नाही. याच लायब्ररीचा सी-प्लस-प्लसमधला अवतार म्हणजे जिऑस. पोस्टजीआयएस आणि क्यूजीआयएस दोन्ही त्याच्यावर विसंबून आहेत.

गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याचं, म्हणजे प्रक्षेपणाचं, दुखणं निराळं. यूटीएम पद्धतीत पुणे 43 व्या पट्ट्यात येतं, नागपूर 44 व्या. सीमा 78 अंश रेखांशावर. शिवाय सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्ट गोलाभावर आखलेले, तर जीपीएस चालतं डब्ल्यूजीएस 84 वर. रूपांतर न करता दोन्ही एकावर एक ठेवले, तर रस्ता जागचा हललेला दिसतो. म्हणून रूपांतराचं गणित वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये ठेवतात आणि गरजेप्रमाणे बदलतात. ‘स्ट्रॅटेजी’ पॅटर्न तो हाच.

पण पॅटर्न सापडला की वापरायचाच, ही नव्या प्रोग्रामरांची हौस महागात पडते. ‘सिंगल्टन’ म्हणजे अख्ख्या प्रोग्राममध्ये एका गोष्टीची एकच प्रत. क्यूजीआयएसमध्ये ‘प्रोजेक्ट’ असाच एकुलता एक होता. सोय होती खरी. पण एका वेळी दोन प्रोजेक्ट हाताळायचे, तर वाटच बंद. 2018 मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत ते बंधन काढलं गेलं, आणि त्यावर बेतलेल्या प्लगइनांच्या लेखकांना आपापला जुना कोड बदलावा लागला.