कॉम्प्युटरला ताल शिकवताना
(आबिड्स येथे गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी डिप्लोमावाला माणूस. सरकारी प्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमध्ये मुलांना मशीन शिकवतो. भाषणाची सवय नाही. पण गेल्या वर्षी आरतीनंतर, कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी विचारलं, "हल्ली म्हणे मशीनं पीसीवर चालतात. घरचा कॉम्प्युटर मध्येच अडकतो, तसा तिथे अडकला तर?" तेव्हा प्रसादाची गडबड होती. उत्तर आज देतो.

आपल्या शहराला यंत्र आणि संगणक दोन्ही जुने. प्रागा टूल्स १९४३ सालची. १९६७ साली सुरू झालेल्या ईसीआयएलने टीडीसी-१२ हा संगणक बनवला. पण तेव्हा दोघांचे संसार वेगळे होते. मशीनच्या पॅनेलमध्ये रिले असत. काम बदललं की तारा सोडून पुन्हा जोडायच्या. अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांच्या याच कटकटीतून १९६८-६९ च्या सुमारास 'मोडिकॉन ०८४' हा पीएलसी आला. आता तारांऐवजी प्रोग्राम बदलायचा. पुढे १९८६ मध्ये जर्मनीच्या बेकहॉफ कंपनीने पीसीवर आधारलेला मशीन कंट्रोलर आणला.

आता काकांची शंका. साधा कॉम्प्युटर हुशार, पण मनमौजी. दहा कामं एकदम करतो, एखादं क्षणभर मागे पडलं तरी आपल्याला कळत नाही. मशीनला ते चालत नाही. आरतीतली झांज आठवा. जलद वाजवणाऱ्यापेक्षा ठोका वेळेवर देणारा हवा. म्हणून मशीनच्या पीसीत अशी व्यवस्था असते की मोटारीच्या ठोक्याची वेळ झाली की बाकीची कामं थांबतात.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. आमच्या एका लहान मिलिंग मशीनचा कंट्रोलर बंद पडला. सुटे भाग मिळेनात. मशीन कंडम करायची फाइल तयार झाली आणि मुलांची दुसरी बॅच फळ्यावरच जी-कोड शिकू लागली. मी वरिष्ठांकडे महिनाभराची मुदत मागितली. ऑफिसने टाकून दिलेला, प्रिंटर पोर्ट असलेला पीसी घेतला आणि त्यावर लिनक्ससीएनसी हे मोफत सॉफ्टवेअर चढवलं.

मोटार जोडण्याआधी आम्ही फक्त उशीर मोजला. एक मुलगा मुद्दाम खिडक्या उघडत-मिटत होता, दुसरा ठोका किती चुकतो ते वहीत लिहीत होता. वीज वाचवण्याची सेटिंग बंद केली, तेव्हा कुठे ताल जमला.

पहिला गोल लाकडावर कापला, तो चार ठिकाणी चपटा आला. सगळे पीसीकडे बोट दाखवू लागले. दोष होता स्क्रू आणि नटमधल्या ढिलेपणाचा. लोखंडातली खोट प्रोग्राम बदलून जात नाही, हा धडा मुलांना फळ्यावर कधीच मिळाला नसता.

आणि काका, अडकला तर? पीसी सतत 'मी जागा आहे' अशी खूण पाठवत असतो. खूण थांबली की बोर्ड मोटारींचं काम थांबवतो. शिवाय लाल बटण आम्ही थेट कॉन्टॅक्टरला जोडलंय. ते दाबलं की मोटारींची वीज तुटते, त्यासाठी पीसीला विचारावं लागत नाही. माणसाच्या बोटांची जबाबदारी एकट्या सॉफ्टवेअरवर टाकायची नसते.

कंडमची फाइल परत आली. मशीन आजही चालतंय.

शेवटी एक मागणं. या सभागृहात मशीनजवळ आयुष्य काढलेले कितीतरी जण बसले आहेत. स्क्रू ढिला झालाय हे तुम्ही आवाजावरून ओळखता. ते कान माझ्या मुलांना अजून आलेले नाहीत. एखाद्या सकाळी वर्कशॉपवर या. चहा माझ्याकडे.

गणपती बाप्पा मोरया!