इमारतीची उंची कुणी मोजायची?



शहराच्या वेशीवरच्या गावांत हल्ली ज्वारीच्या रानाला लागून कचेऱ्यांची संकुले उभी राहतात. पुण्याजवळची हिंजवडी, माण ही नावे तुम्ही ऐकली असतील. असे संकुल येणार म्हटले की गावात पहिली चर्चा होते भावाची. एकराला काय मिळाले, कुणाला किती मिळाले! दुसरी नोकऱ्यांची. इमारत किती उंच होणार, हे मात्र कुणी विचारीत नाही. ती मालकाची हौस, आपल्याला काय त्याचे?

अमेरिकेच्या राजधानीत, वॉशिंग्टन शहरात, लोकांनी हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला. १८९४ साली तेथे कैरो नावाची, १६४ फूट उंचीची, राहत्या घरांची इमारत उभी राहिली. भोवती सगळी लहान घरे. शेजारी घाबरले. आग लागली तर बंबाच्या शिड्या तिथवर पोचणार कशा? ओरड झाली, आणि १८९९ मध्ये तेथल्या संसदेने उंचीला कायद्याने मर्यादा घातली. १९१० साली तो कायदा सुधारला. त्यातला मुख्य नियम शाळकरी पोरालाही समजावा इतका सोपा आहे. समोरचा रस्ता जितका रुंद, त्यात वीस फूट मिळवा. तेवढीच इमारतीची उंची. रस्ता ९० फुटांचा तर इमारत ११० फुटांची. व्यापारी रस्त्यांवर बहुतेक ठिकाणी कमाल १३० फूट. (संसदेच्या घुमटापेक्षा उंच बांधायचे नाही, असा तेथे कायदा असल्याचे पुष्कळ जण सांगतात. ती दंतकथा आहे.)

मला या नियमाचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की तो फितीने तपासता येतो. त्याला वकील लागत नाही. आपल्याकडेही हा विचार परका नाही. मुंबईच्या १९९१ च्या नियमावलीत रस्त्याची रुंदी आणि इमारतीपुढची मोकळी जागा यांच्या बेरजेच्या दीडपट, असे उंचीचे एक सूत्र होतेच.

पण नियमाची किंमतही मोजावी लागते. वॉशिंग्टनला उंची मिळेना, तेव्हा उंच कचेऱ्या नदीपलीकडे, व्हर्जिनिया राज्यातल्या रॉस्लिन भागात उभ्या राहिल्या. २०१२-१३ साली या कायद्याचा फेरविचार झाला. शहराचे नियोजन खाते म्हणाले, मर्यादा थोडी सैल करा. केंद्राचा नियोजन आयोग म्हणाला, बव्हंशी आहे तेच ठेवा. अखेर २०१४ मध्ये गच्चीवरच्या मजल्याच्या वापरापुरती सवलत मिळाली. शंभर वर्षांनीही वाद मिटलेला नाही, कारण दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

आता आपल्या शेताच्या बाजूने पाहा. कचेरीला एक लाख चौरस फूट जागा हवी आहे, असे धरू. चार मजले बांधले तर जमिनीवर पंचवीस हजार चौरस फूट, म्हणजे सुमारे तेवीस गुंठे व्यापतात. दहा मजले बांधले तर नऊ गुंठ्यांत भागते. तेव्हा ठेंगणी इमारत चांगली आणि उंच तेवढी वाईट, असे सरसकट म्हणता येत नाही. उंचीमुळे जमीन वाचते. वाचलेल्या जागेत झाडे लागतात की मोटारी उभ्या राहतात, तो निराळा प्रश्न!

सावलीचा हिशेब मात्र शेजाऱ्यानेच करायला हवा. शिक्षक मित्रांनो, हा मुलांकडून करून घेण्याजोगा आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला पुण्याच्या आसपास भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. पन्नास मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे पंचेचाळीस मीटर पडते. पण त्याच दिवशी सकाळी साडेआठला ती दीडशे मीटरपर्यंत लांबते. मैदानात एक मीटरची काठी रोवा, सावली मोजा आणि पन्नासने गुणा. खळे, द्राक्षबाग, वाळवणाची जागा त्या पट्ट्यात येते का, हे लगेच कळेल.

आणखी एक खुबी सांगतो. विमानतळाच्या परिसरातल्या दाखल्यांत उंची समुद्रसपाटीपासून लिहिलेली असते. पुण्याची जमीनच मुळी सुमारे ५६० मीटरवर आहे. तेव्हा कागदावर ६१० मीटर दिसले तरी इमारत पन्नास मीटरचीच. आणि ‘विमानवाल्यांनी परवानगी दिली’ एवढ्याने बंबाची शिडी पोचते, असेही होत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे १५ मीटर आणि त्यावरील इमारत ‘उंच’ गणली जाते. आपल्या तालुक्याच्या बंबाची शिडी किती मीटरची, हे विचारून ठेवा.

विचारायचे कधी? ही खरी मेख आहे. आपल्याकडे एकेका इमारतीला परवानगी देताना शेजाऱ्यांचे मत घेण्याची पद्धत सहसा नाही. शेतीच्या पट्ट्याचा वापर बदलतो, विकास योजनेचे प्रारूप निघते, तेव्हा १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली सूचना प्रसिद्ध होते. हरकतींना साधारण एक महिना मिळतो. तो महिना उलटला की पुढची गणिते कचेरीतल्या टेबलावर होतात. सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात, बारीक टाइपात येते. गावात ती कोण वाचतो? शाळेच्या फळ्यावर ती मोठ्या अक्षरांत लिहायला कुणाची हरकत आहे?

हरकत लिहिताना ‘आमचा विरोध आहे’ एवढेच लिहू नका. गट नंबर लिहा. समोरचा रस्ता आज प्रत्यक्षात किती रुंद आहे ते फितीने मोजून लिहा. नकाशावरचा रस्ता आणि जागेवरचा रस्ता यांत पुष्कळदा अंतर असते. पाणी कोठून आणणार, तेही विचारा. अर्जाची पोच घ्या. आणि सुनावणीचे बोलावणे आले, तर मुलांनी केलेला सावलीच्या मापांचा कागद बरोबर न्या.