पिकअप उंच करण्याआधी
(रेडिओवरील भाषण)



पावसाळा सरला, की आपल्या सिंधुदुर्गातल्या गॅरेजांसमोर जुन्या पिकअप उभ्या राहू लागतात. कुणाची गाडी चार महिने पाणंदीतला चिखल तुडवत फिरलेली असते. कुणाची मालवण, सर्जेकोटहून मासळी वाहून खाऱ्या पाण्यानं खालून गंजलेली असते. कुणाला फेब्रुवारी-मार्चपासून हापूसच्या पेट्या घेऊन रात्रीच्या रात्री वाशी गाठायची असते. प्रत्येक गाडीचं दुखणं वेगळं, पण मालकाची मागणी बहुधा एकच असते. "गाडी खाली घासता मिस्त्रीनू, जरा उचलून दिया. आणि टायर पण मोठे घाला."

मी याच धंद्यात आहे, आणि आज याच मागणीबद्दल तुमच्याशी बोलणार आहे. गाडी उंच करणं आणि मोठे टायर घालणं या दोन्ही गोष्टी करता येतात. मात्र त्यांचा परिणाम ब्रेकवर, स्टिअरिंगवर आणि शेवटी गाडीत बसलेल्या माणसांवर होतो. म्हणून पान्याला हात लावण्याआधी काही गोष्टी पक्क्या कराव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे, गाडी घासते ती नेमकी कुठे? गाडी खड्ड्यावर किंवा रॅम्पवर चढवा आणि बॅटरी घेऊन खाली जा. घासल्याच्या ताज्या, चकाकत्या खुणा लगेच दिसतात. त्या खुणा मागच्या ॲक्सलच्या मधोमध, डिफरन्शियलच्या फुगवट्यावर असतील, तर पाटे कितीही उंच केले तरी उपयोग होणार नाही. पाटे उंच केले की चेसिस वर जाते, हौदा वर जातो, बंपर वर जातो. ॲक्सल मात्र चाकाला बांधलेला असतो. चाकाचा मध्य जमिनीपासून जितका उंच, तितकाच ॲक्सल उंच राहणार. तो वर उचलायचा तर मोठा टायर हाच एक मार्ग आहे. उलट खुणा चेसिसवर, सायलेन्सरवर किंवा मागे लटकणाऱ्या स्टेपनीवर असतील, तर दोष पाट्यांकडे शोधावा. चिरेखाणीच्या वाटेवर चाकोरीच्या मधला उंचवटा लागतो तो डिफरन्शियलला. मोरीवरून किंवा गडग्याच्या तोंडाशी गाडी वळवताना लागतो तो बहुधा बंपर. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांवर औषधही वेगवेगळं आहे.

दुसरी गोष्ट जुन्या गाडीबद्दलची. आठ-दहा वर्षं माल वाहिलेल्या पिकअपचे पाटे बसलेले असतात. ते ओळखायला एक साधा टेप पुरतो. गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंना माप घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. मग नेहमीचा माल भरा आणि पुन्हा मापा. डाव्या-उजव्या बाजूत बोटभर फरक निघाला, तर एका बाजूचे पाटे थकले आहेत. आता खाली वाकून पाटे पाहा. रिकाम्या गाडीत पाट्यांना स्पष्ट कमान दिसली पाहिजे. ते रिकाम्या गाडीतच सपाट झाले असतील, किंवा माल भरल्यावर उलटे वाकून रबरी स्टॉपरवर टेकत असतील, तर गाडीची मूळ उंचीच हरवलेली आहे. आपल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. मासळीच्या क्रेटमधून झिरपणारं खारट पाणी दोन पाट्यांच्या फटीत शिरतं, तिथे गंज फुगतो, पाटे एकमेकांवरून सरकायचे थांबतात आणि गाडी आदळू लागते. गंजाच्या खपल्या पडत असतील तर एखाद्या पाट्याला चीरही गेलेली असू शकते. सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि शॅकलची बुशं याच वेळी तपासून घ्या.

माझा अनुभव सांगतो, की बऱ्याच जुन्या गाड्यांना नव्या उंचीची गरजच नसते. त्यांना गेलेली उंची परत हवी असते. पाटे बदलून, किंवा चांगल्या कारागिराकडून त्यांना कमान मारून घेऊन, नवी बुशं आणि नवे शॉकअप बसवले, की गाडी कंपनीतून निघाली होती त्या उंचीवर येते. या कामाला कुणाची परवानगी लागत नाही आणि गाडीचा तोलही बिघडत नाही.

याहूनही उंची हवीच असेल, तर रस्ते कोणते आणि त्यांची किंमत काय, ते समजून घेऊ. पहिला रस्ता लांब शॅकलचा. शॅकल दोन इंचांनी लांब केला, तर गाडी साधारण एकच इंच वर येते, कारण पाट्याचं एकच टोक खाली ढकललं जातं. पुढच्या पाट्यांना हा उपाय केला, की पुढच्या ॲक्सलचा कल बदलतो आणि हायवेवर स्टिअरिंग भटकू लागतं. दुसरा रस्ता पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळा बसवण्याचा. पुढच्या चाकांना तो कधीही बसवू नये. जोरात ब्रेक दाबल्यावर ठोकळा सरकला, तर गाडी हातात राहत नाही. मागेही एकावर एक ठोकळे रचू नयेत. तिसरा रस्ता जादा पाटा घालण्याचा. गाडी वर येते, पण कडकही होते. रिकामी असताना ती उडते, आणि भरताना मालकाला वाटतं की आता दोन पेट्या जास्त चालतील. पाटा वाढला म्हणून ॲक्सल, हब आणि ब्रेक यांची ताकद वाढत नाही.

कोणत्याही मार्गानं गाडी उचलली, की तिच्याबरोबर आणखी कामं येतात. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातो. ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. जुने शॉकअप आखूड पडतात. हेडलाइट वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यात घुसतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, काही पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चेसिसपर्यंत एक सळई जोडलेली असते. ती ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला गाडीत माल किती आहे ते कळवते. गाडी उचलली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी भासते आणि तो मागच्या चाकांचा ब्रेक कमी करतो. गाडी मात्र भरलेली असते. करूळ किंवा फोंडा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, ते मी वेगळं सांगायला नको.

आता टायरकडे येऊ. २१५/७५ आर १५ हा आकार आपल्याकडच्या बोलेरो जातीच्या गाड्यांमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे. या टायरची पूर्ण उंची साधारण ७०४ मिलिमीटर भरते. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घातला, तर उंची ७३४ होते. म्हणजे टायर ३० मिलिमीटरनं वाढला. पण चाकाचा मध्य वर जातो तो त्याच्या निम्म्यानं, १५ मिलिमीटरनं. डिफरन्शियलखाली तुम्हाला मिळाली ती फक्त दीड सेंटिमीटर जागा. ३१ इंची टायर घातला, तर चार सेंटिमीटरच्या थोडी वर मिळेल. तेव्हा काटा ६० दाखवत असताना गाडी खरी ६७ ला पळत असेल. चढावर पहिला गिअर जड वाटेल, क्लच तापेल. ब्रेक तेच असले तरी मोठ्या चाकाला थांबवायला त्यांना जास्त जोर करावा लागेल. पूर्ण वळवल्यावर टायर पाट्याला किंवा ब्रेक पाइपला घासतो का, हे माल भरून, दोन्हीकडे स्टिअरिंग वळवून पाहावंच लागेल.

टायर घेताना लोक नक्षी पाहतात, रुंदी पाहतात. तुम्ही आधी भारांक पाहा. आकारापुढे एक आकडा असतो, उदाहरणार्थ १०० किंवा १०६. भारांक १०० म्हणजे एक टायर ८०० किलो पेलतो, १०६ म्हणजे ९५० किलो. समजा, भरलेल्या गाडीच्या मागच्या ॲक्सलवर १९०० किलो भार येतो. म्हणजे एका टायरवर ९५० किलो. तिथे १०० भारांकाचा टायर घातला, तर तो दिसायला कितीही रुबाबदार असो, उन्हाळ्यात महामार्ग ६६ वर फुटायला वेळ लागणार नाही. जीपगाड्यांसाठी बनवलेले रुंद टायर आणि माल वाहणारे टायर यांत हा फरक असतो. बाजूवरच शेवटी चार आकडे कोरलेले असतात. ३२२१ असं असेल, तर तो टायर २०२१ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. दुकानात वर्षानुवर्षं पडून असलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

नक्षीची निवड तुमच्या वाटेवर ठरते. आठवड्यातले सहा दिवस डांबरी रस्ता आणि एक दिवस बागेची वाट असेल, तर मध्यम नक्षी पुरते. मोठ्या गुठळ्यांची, चिखलाची नक्षी ओल्या डांबरावर घसरते, आणि आपल्याकडे चार महिने डांबर ओलंच असतं. कायद्यानं अशा गाड्यांच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर हवी. आंबोलीच्या पावसात मात्र ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर विसंबू नये, असं माझं मत आहे. देवबाग, तारकर्लीच्या वाळूत गाडी रुतते ती उंची कमी पडते म्हणून नव्हे, तर टायरमध्ये हवा जास्त असते म्हणून. तिथे हवा उतरवावी, हळू बाहेर पडावं आणि रस्त्याला लागण्याआधी पुन्हा भरावी. आणि एक विनंती. रापणीच्या किंवा मासळीच्या कामाशिवाय गाडी किनाऱ्यावर नेऊच नका. वायंगणी, तांबळडेग यांसारख्या आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती वाळूखाली असतात, ड्रायव्हरला दिसत नाहीत.

उंचीबद्दल एक गैरसमज फार घातक आहे. उंच गाडी कॉजवेवरच्या पाण्यातून सहज जाते, असं लोकांना वाटतं. टायर मोठा असला की पाण्याला ढकलायलाही तितकी जास्त जागा मिळते. दोन फूट वाहतं पाणी भरलेली पिकअपसुद्धा सरकवू शकतं. पुलावरून पाणी जात असेल, तर थांबायचं. तीच गोष्ट वळणांची. हौद्यात चिरे असोत की वरपर्यंत रचलेल्या पेट्या, आधीच उंचावर असलेलं वजन आपण आणखी वर नेतो, आणि कडेला उतार असलेल्या वळणावर गाडी उलटायला तेवढंच कारण पुरतं.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर, परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आठ वर्षांपुढच्या व्यापारी गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो, तो वेगळाच. आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते तो याच बदलांचा. म्हणून आधी गाडीचं पुस्तक उघडा, कंपनीनं तुमच्या मॉडेलसाठी कोणते टायर मान्य केले आहेत ते पाहा, आणि त्यापुढे जायचं असेल तर ओरोसच्या परिवहन कार्यालयात विचारून, लेखी परवानगी घेऊनच जा.

श्रोतेहो, खर्चाचा क्रम मी असा सांगेन. आधी ब्रेक आणि स्टिअरिंग, मग पाटे, बुशं आणि शॉकअप, मग योग्य भारांकाचे, मान्य आकाराचे चार नवे टायर. एवढं केल्यावर महिनाभर आपल्या वाटेवर गाडी चालवा आणि पुन्हा खाली वाकून पाहा. नव्या खुणा दिसल्या नाहीत, तर तुमचं काम झालं आहे. दिसल्याच, तर त्या नेमक्या कुठे आहेत ते मिस्त्रीला दाखवा आणि तेवढ्याचाच इलाज करून घ्या. जुनी पिकअप कितीतरी घरांची चूल पेटती ठेवते. तिचं रूप बदलण्याआधी तिची दुरुस्ती करा, ही माझी सगळ्या गाडीमालकांना कळकळीची विनंती आहे.