नव्या गाडीची थरथर

मोटारगाडी नवी असली म्हणजे तिच्या ब्रेकविषयी कोणी फारसे बोलत नाही. चर्चा होते ती मायलेजची, रंगाची आणि हप्त्यांची. परंतु आमच्या पिशोर-कन्नड भागात अलीकडे एक तक्रार माझ्या कानांवर वरचेवर येऊ लागली आहे. गाडी वर्ष-सव्वा वर्षाची. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते, पायाखालचे पॅडल धकधक करते. गॅरेजात नेली की चार-पाच महिने सगळे ठीक, आणि मग पुन्हा तेच!

आमच्या एका सहकारी प्राध्यापकांचेच पाहा. आठ हजार किलोमीटरवर थरथर सुरू झाली. विक्रेत्याच्या कारखान्यात डिस्क लेथवर घासून दिल्या. बारा हजारांवर नव्या डिस्क बसवल्या. त्यांचे पैसे घेतले ते वेगळेच. सतरा हजारांवर गाडी पुन्हा होती तशी झाली. तेव्हा तिथल्या साहेबांनी सांगितले, "सर, तुम्ही घाटात ब्रेक फार वापरता, डिस्क वाकते." आता घाटाच्या गावी राहणाऱ्या माणसाने घाटात ब्रेक वापरू नये, तर काय देवाचे नाव घेत खाली यावे?

मी पदार्थविज्ञान शिकवतो, म्हणून हे "वाकणे" मला तपासून पाहावेसे वाटले. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. तिच्या दोन्ही बाजूंनी पॅड आवळले जातात आणि चाक थांबते. उष्णतेने ही चकती वाकडी होते, असे सर्रास बोलले जाते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. ती कुठे जाड, कुठे पातळ झालेली असते. हा फरक एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असला तरी पायाला जाणवू शकतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, पण ताशी ऐंशी किलोमीटरच्या वेगात चाक सेकंदाला सुमारे बारा फेरे घेते, आणि त्या बाराही फेऱ्यांत जाड भाग पॅडांना मागे ढकलतो. तीच ती थरथर.

मग नवी कोरी चकती अशी असमान होते कशी? इथेच खरी मेख आहे. चकती ज्या हबवर बसते, त्याच्या तोंडावर गंजाचा पातळ थर असला, किंवा चाकाचे नट हवेच्या गनने एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी आवळले गेले, तर चकती किंचित तिरकी बसते. हा तिरकेपणा मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका असला तरी पुरे. पहिल्या दिवशी त्रास काहीच नाही. गाडी लोण्यासारखी थांबते. पण ब्रेक दाबलेला नसतानाही तिरकी कड दर फेऱ्याला पॅडला हलकेच चाटून जाते. मोटारीचे चाक किलोमीटरला पाचशेहून अधिक फेरे घेते. पाच हजार किलोमीटरांत हे चाटणे पंचवीस लाखांवर वेळा होते! त्या जागी चकती झिजते आणि थरथर उगवते. आपण चकती बदलतो, पण गंजलेला हब आणि ती गन जिथल्या तिथेच राहतात. दुखणे चार-पाच महिन्यांनी का परत येते, याचा उलगडा यात आहे.

घाटाचा यात काहीच संबंध नाही, असेही मी म्हणणार नाही. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट आपल्या परिचयाचा आहेच. (जेम्स औट्रम हा १८२५ च्या सुमारास खानदेशात भिल्लांची पलटण उभारणारा कंपनी सरकारचा अधिकारी, नाव मात्र रस्त्याला चिकटून राहिले.) बाराशे किलोची मोटार शंभर मीटर उंचीवरून केवळ ब्रेकवर उतरवली, तर त्या उतरण्यात साडेतीन लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता निर्माण होते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन चकत्यांवर पडतो. अशा तापलेल्या चकतीवर घाटाच्या पायथ्याशी चहासाठी थांबताना पॅडल दाबून धरले, तर पॅडचा मालमसाला त्या एका जागी चिकटतो; तिथेही जाडी वाढते. म्हणून ज्या गिअरवर घाट चढतो, त्याच्याच आसपासच्या गिअरवर उतरावे, गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये, आणि तापल्या चाकांवर पाण्याचा फवारा मारू देऊ नये. सर्व्हिसिंगला गेलेली गाडी लगेच धुवायला घेणारी पोरे हे हमखास करतात.

तात्पर्य, "डिस्क बदला" असे न म्हणता "मोजून दाखवा" असे म्हणावे. हबचे तोंड साफ करून, चकती बसवून, डायल गेज लावून ती किती हेलकावते ते पाहता येते. जाडी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी घेता येते. काम अर्ध्या-पाऊण तासाचे. नट समोरासमोरचे, क्रमाने आणि टॉर्कच्या पान्यानेच आवळले जावेत. किती आवळायचे तो आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. आमच्या सहकाऱ्यांनी शेवटी दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रीकडून हे करून घेतले. हबवर गंजाची पापडी निघाली. ती काढून, चकत्या गाडीवरच घासून, नट हाताने आवळले. त्यानंतर ते अकरा हजार किलोमीटर हिंडले. गाडी शांत आहे.

सगळ्यांना असा मिस्त्री भेटतोच असे नाही. कंपन्या बहुधा पॅड आणि चकत्या "झिजणारे भाग" म्हणून वॉरंटीतून वगळतात किंवा त्यांची मुदत आखूड ठेवतात. पण तेच दुखणे तिसऱ्यांदा आले, तर ती झीज म्हणायची की दोष, हे विक्रेत्याने एकट्याने ठरवायचे नसते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे पिशोरच्या माणसाला छत्रपती संभाजीनगर पुरते, गाडी पुण्याहून घेतलेली असली तरी. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून प्रत्येक भेटीत जॉबकार्डावर "ब्रेक दाबल्यावर थरथर" हे शब्द, किलोमीटरचा आकडा आणि घेतलेली मापे लिहून घ्या, आणि काढलेली जुनी चकती मागून घेऊन तिला तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधून ठेवा. ती भंगारात गेली, तर प्रयोगशाळेत पाठवायला आपल्याजवळ काय राहील?